एक्सेलच्या क्वेरी पॅरामीटरमध्ये * टाकलं की यादी रिकामी का येते?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. दोन दिवस डोकं फोडून झालं, शेवटी धागा काढतोय.

ऑफिसात एक एक्सेल शीट आहे. मायक्रोसॉफ्ट क्वेरी वापरून ओडीबीसीने (एक्सेलला डेटाबेसशी जोडणारी सोय) डेटाबेसमधून मालाची यादी खेचते. बी२ मध्ये वस्तूचं नाव टाकायचं, रिफ्रेश करायचं, खाली ओळी येतात. पूर्ण नाव बिनचूक टाकलं तर सगळं ठीक. पण लोकांना पूर्ण नाव कुठे आठवतं? म्हणून मी बी२ मध्ये "बेअ*" टाकून बघितलं. बेअरिंगच्या सगळ्या ओळी यायला हव्या होत्या, आली एकही नाही. एरर नाही, काही नाही, नुसती शीर्षकाची ओळ.

क्वेरीतली अट अशी आहे: व्हेअर वस्तू_नाव = ? (शेवटचं ? म्हणजे पॅरामीटर, तिथे बी२ मधलं जातं)

चक्रावलोय ते यामुळे, की त्याच शीटमध्ये फिल्टर लावून "बेअ*" टाकलं तर चालतं. हे सगळं आधी अ‍ॅक्सेसच्या फॉर्ममध्ये होतं, तिथेही * चालायचं. मग इथेच काय बिनसलं?

(कोड देवनागरीत लिहिलाय, समजून घ्या. टाइप करताना अर्थातच इंग्रजी शब्द.)

---

रकानेवाला

एकावर एक अशा दोन चुका आहेत. त्यामुळे एक दुरुस्त केली तरी फरक दिसत नाही आणि माणूस ती दुरुस्ती परत काढून टाकतो. मीही काढली होती.

पहिली चूक: = हे चिन्ह वाइल्डकार्ड (कुठल्याही अक्षरांच्या जागी चालणारं चिन्ह) ओळखत नाही. त्याच्यापुढे * टाका नाहीतर % टाका, ते फक्त एक अक्षर. डेटाबेस प्रामाणिकपणे "बेअ*" याच नावाची, शेवटी चांदणी असलेली वस्तू शोधतो. अशी वस्तू नाही, म्हणून शून्य ओळी. क्वेरी चुकलेलीच नाही, त्यामुळे एरर कशी येईल? = च्या जागी लाइक हवं.

दुसरी चूक चांदणीची. ते चिन्ह वाचतंय कोण, हे आधी बघा. फिल्टर एक्सेल स्वतः चालवतो आणि एक्सेलच्या भाषेत * म्हणजे कितीही अक्षरं, ? म्हणजे एक अक्षर. तुमच्या पॅरामीटरमधलं मात्र एक्सेल वाचतच नाही. बी२ मधला मजकूर जसाच्या तसा ड्रायव्हरकडे जातो, तिथून डेटाबेसकडे. एसक्यूएलमध्ये १९८६ च्या पहिल्या प्रमाणापासून कितीही अक्षरांसाठी % आणि एका अक्षरासाठी _ आहे.

अ‍ॅक्सेसचं तर दुटप्पी काम. अ‍ॅक्सेस उघडून आत क्वेरी लिहिली तर नेहमीच्या सेटिंगला * आणि ? चालतात, त्याला अँसी-८९ मोड म्हणतात. तीच फाइल एक्सेलमधून ओडीबीसीने उघडली की % आणि _ लागतात. फाइल एक, टेबल एक, चिन्हं वेगळी.

आणि ? ची तर कमालच. फिल्टरमध्ये ते एक अक्षर, क्वेरीच्या मजकुरात ती पॅरामीटरची रिकामी जागा, आणि बी२ मध्ये टाइप केलंत तर नुसतं प्रश्नचिन्ह.

---

अर्धविराम

वा! लाइक केलं, बी२ मध्ये "बेअ%" टाकलं, ४२ ओळी आल्या. जीव भांड्यात पडला.

पण शीट वापरणाऱ्यांना % टाकायला सांगणं म्हणजे रोज दहा फोन. म्हणून क्वेरीतच लाइक '%?%' असं लिहिलं. आता ती पॅरामीटर विचारतच नाही. पॅरामीटरचं बटणही फिकट झालंय. यात काय चुकलं?

---

जुनीवही

अवतरणात गेलेलं ? पॅरामीटर राहत नाही. '%?%' म्हणजे ज्यात कुठेतरी खरोखरचं प्रश्नचिन्ह आहे असं नाव. पॅरामीटर उरलाच नाही, मग बटण फिकट होणारच.

अवतरणाबाहेर ठेवून जोडता येतं, पण जोडायचं चिन्ह प्रत्येक डेटाबेसचं वेगळं. एसक्यूएल सर्व्हरला '%' + ? + '%', ओरॅकल आणि पोस्टग्रेला + ऐवजी ||. मायएसक्यूएलला कॉन्कॅट वापरा. तिथे चुकूनही + लिहू नका, कारण तिथे + म्हणजे निव्वळ गणिती बेरीज. '%' चा आकडा शून्य, 'बेअ' चा शून्य, तिन्ही मिळून शून्य, आणि अट उरते लाइक 0. मी यात अख्खी दुपार घालवली होती. वैताग म्हणजे एक ओळ येत होती! कोणीतरी नावाच्या रकान्यात नुसतं 0 भरून ठेवलं होतं. एक ओळ येतेय म्हणजे क्वेरी बरोबर, डेटातच घोळ आहे, असं समजून मी डेटा तपासत बसले.

म्हणून आता मी क्वेरीत जोडाजोड करतच नाही. क्वेरीत फक्त लाइक ?, बाकी सगळं शीटमध्ये. बी२ माणसांसाठी. बी३ क्वेरीसाठी, त्यात ="%"&बी२&"%". मग कनेक्शन प्रॉपर्टीजमध्ये डेफिनिशन टॅबवर पॅरामीटर्सचं बटण, तिथे सेलमधून किंमत घेण्याचा पर्याय निवडून बी३ दाखवा. खालीच सेल बदलली की आपोआप रिफ्रेश करायची खूण आहे, तीही करून टाका. बी३ ची ओळ लपवली तरी चालते. डेटाबेस कुठलाही असो, फॉर्म्युला तोच.

लोकांनी % टाकू नये याला आणखी एक कारण. आकड्यांनी सुरू होणारा कोड असेल आणि कोणी बी२ मध्ये 10% टाइप केलं, तर एक्सेल त्याला टक्के समजतो. दिसतं 10%, आत असतं 0.1. क्वेरीकडे तेच जातं.

---

टिंबटिंब

जुनीवहीशी सहमत. आमच्याकडे लोकांच्या हाताला * ची सवय होती, ती मोडायच्या भानगडीत पडलो नाही. बी३ मध्ये सब्स्टिट्यूट लावून * चं % आणि ? चं _ केलं. त्यांची चांदणी त्यांच्याकडे, डेटाबेसला % मिळतं.

अवांतर: सब्स्टिट्यूट चांदणीला साधं अक्षर समजतो, म्हणून हे जमतं. फाइंड-रिप्लेसमध्ये तेच करायला गेलात तर संपलात. तिथे * म्हणजे सेलमधलं सगळं. मी एकदा जुन्या कोडांमधल्या चांदण्या काढायला "रिप्लेस ऑल" दाबलं आणि अख्खा रकाना साफ. तिथे ~* लिहायचं असतं. कंट्रोल-झेडने वाचवलं.

---

गोगलगाय

बी२ रिकामी ठेवली तर काय होतं ते कोणी बोललंच नाही. जुनीवहीच्या फॉर्म्युल्यात "%%" जातं, म्हणजे सगळ्या ओळी. ऐकायला छान वाटतं. सगळ्या येत नाहीत.

माझ्या शीटमध्ये विभागाचा पॅरामीटर होता. रिकामा ठेवला की सगळे विभाग आणि खाली बेरीज, असा बेत. ती बेरीज मुख्य रिपोर्टशी कधीच जुळेना. दर महिन्याला थोडी कमी, आणि दर महिन्याला वेगळ्या रकमेने कमी. राउंडिंगचा फरक म्हणून किती महिने सोडून दिलं ते सांगत नाही. शेवटी दोन्ही याद्या शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. गायब होत्या त्या ओळींमध्ये विभाग भरलेलाच नव्हता. नल.

लाइक '%' मध्ये रिकामी स्ट्रिंग बसते, नल बसत नाही. नलला कशाशीही ताडा, उत्तर हो नाही आणि नाहीही नाही, "माहीत नाही" असं येतं आणि ती ओळ गळते. म्हणजे "सगळं दाखव" म्हणून टाकलेलं % गुपचूप चाळणी लावतं. या धाग्यातली बाकी भानगड रिकामी यादी दाखवून निदान ओरडते तरी. ही ओरडत नाही, थोडंसं कमी दाखवते.

उपाय: कोअलेस(विभाग, '') लाइक ? असं लिहा, म्हणजे नलच्या जागी रिकामी स्ट्रिंग धरली जाते. ओरॅकलवर हे फुकट जाईल, तिथे रिकामी स्ट्रिंग म्हणजेच नल. तिथे कोअलेस(विभाग, ' ') असा मध्ये एक स्पेस द्या, % ला तो चालतो.

---

अर्धविराम

कोअलेस घातलं तर नवीनच अडचण. मायक्रोसॉफ्ट क्वेरी म्हणते, जी क्वेरी आकृतीत दाखवता येत नाही तिच्यात पॅरामीटर चालणार नाहीत.

---

जुनीवही

ती खिडकी तशी म्हातारी आहे, तिला वळसा घाला. आधी साधी क्वेरी करा, एकच अट, लाइक ?, आणि डेटा शीटवर उतरवा. मग एक्सेलच्या कनेक्शन प्रॉपर्टीजमध्ये कमांड टेक्स्टच्या चौकटीत हवी ती क्वेरी चिकटवा. तिथे आकृतीची अट नाही. रिफ्रेश केलं की प्रत्येक ? साठी विचारतो, तेव्हा सेल दाखवून द्यायची.

प्रत्येक ? वेगळा धरला जातो, हे लक्षात ठेवा. एकच शोधशब्द नाव आणि वर्णन अशा दोन रकान्यांत हवा असेल तर ? दोन, आणि दोघांनाही बी३. क्वेरीत ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने. मध्ये एखादी अट घुसवली की पुढचे सगळे सरकतात आणि तारखेच्या जागी नाव जातं.

---

अर्धविराम

झालं! नल आल्या. मोजल्या तर ३१ ओळी इतके दिवस दिसतच नव्हत्या.

पण आता कोडाच्या पॅरामीटरचं वेगळंच. के_१० टाकलं तर के_१०, के-१० आणि के/१० तिन्ही येतात. आमच्याकडे या तीन सर्वस्वी वेगळ्या वस्तू आहेत.

---

रकानेवाला

कारण तुमची खालची रेघ हेच मुळात वाइल्डकार्ड. % टाळायला सगळे शिकतात, _ कडे कोणी बघत नाही, आणि कोडांमध्ये नेमकी तीच असते.

एसक्यूएल सर्व्हर आणि अ‍ॅक्सेसमध्ये [_] असं चौकटी कंसात टाका, मग ती नुसती रेघ. बाकी ठिकाणी क्वेरीत लाइक ? च्या पुढे एस्केप '!' लिहा (म्हणजे ! नंतरचं चिन्ह साधं अक्षर धरा) आणि पॅरामीटरमध्ये !_ पाठवा. ! ची सक्ती नाही, कोडात कधीच येत नाही असं कुठलंही चिन्ह घ्या. उलटी तिरकी रेघ मी टाळतो. मायएसक्यूएलमध्ये ती आधीच एस्केप आहे, स्ट्रिंगमध्ये वेगळी आणि लाइकमध्ये वेगळी, शेवटी किती लिहायच्या याचा हिशोबच लागत नाही.

आता टिंबटिंबची * ते % ही अदलाबदल आणि ही एस्केपिंग एकत्र करताना क्रम सांभाळा. आधी लोकांनी टाइप केलेले [, % आणि _ निष्प्रभ करा, त्यातही [ सगळ्यात आधी, नाहीतर तुमचेच नवे कंस परत कंसात जातील. * चं % आणि ? चं _ अगदी शेवटी. उलट केलंत तर तुम्हीच आणलेलं % तुम्हीच मारून टाकाल. एका सेलमध्ये पाच सब्स्टिट्यूट कोंबू नका. बी३, बी४, बी५ असं एकेक पाऊल टाका. चूक कुठल्या पावलावर झाली ते दिसतं.

---

कानामात्रा

_ म्हणजे एक अक्षर, असं सगळे म्हणताहेत. मराठी डेटावर ते खरं नाही.

एक्सेलमध्ये =लेन("कि") करून बघा, उत्तर २. क वेगळा, वेलांटी वेगळी. "क्षी" चे ४: क, हलन्त, ष, दीर्घ वेलांटी. _ या मोजणीने चालतं, डोळ्याला दिसणाऱ्या अक्षराने नाही. "चार अक्षरी नावं शोधा" म्हणून चार रेघा टाकल्या तर "मधुकर" ऐवजी "सीता" येईल. मराठी मजकुरावर मी _ वापरतच नाही, फक्त %.

दुसरा त्रास त्याहून वाईट, कारण तो दिसतच नाही. "दुसऱ्या" मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं, दुसऱ्यावर र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही जुळी भावंडं. लाइकला मात्र ती वेगवेगळी. डेटा एकाने एका कीबोर्डवरून भरला, शोधणारा दुसऱ्यावरून शोधतोय, आणि % कितीही लावा, ओळ येत नाही. असा शब्द शोधायचा तर आजूबाजूचं धरायचं, "दुस%या".

आणि एसक्यूएल सर्व्हरवर क्वेरीच्या मजकुरात थेट मराठी लिहीत असाल तर अवतरणाआधी एन लावा. एरवी तिथे पोहोचेपर्यंत अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात.

---

टिंबटिंब

"दुस%या" भारी आहे. हे कधी सुचलंच नव्हतं.

---

पानउलट

गूगल शीट्सवाला आहे, मध्येच घुसतो. तिथे क्वेरी फंक्शनमध्येही लाइक आहे, % आणि _ सकट. शिवाय कन्टेन्स, स्टार्ट्स विथ, एंड्स विथ असे सरळ शब्द आहेत, मग वाइल्डकार्ड लागतंच कशाला? मॅचेसही आहे, पण ते रेगेक्स (नमुने लिहायची वेगळी भाषा) आहे आणि पूर्ण मजकुराशी जुळावं लागतं, त्यात * चा अर्थ तिसराच.

तिथली गोची अशी की पॅरामीटर असा प्रकारच नाही. सेलमधला मजकूर & ने क्वेरीच्या स्ट्रिंगमध्ये चिकटवायचा. त्या मजकुरात एकेरी अवतरण आलं की क्वेरी तिथेच तुटते. आणि एका रकान्यात आकडे नि अक्षरं मिसळली असतील तर बहुमताचा प्रकार धरून बाकीच्या किमती नल धरल्या जातात. कोडांच्या रकान्यात हे हमखास होतं. रकाना आधी प्लेन टेक्स्ट करून घ्या.

---

नवाकोरा

२०१६ पासून पॉवर क्वेरी एक्सेलमध्येच आहे, आणि तुम्ही अजून ओडीबीसीची प्रश्नचिन्हं मोजताय? तिथे टेक्स्ट.कन्टेन्स लिहा, वाइल्डकार्डचा प्रश्नच मिटला.

---

गोगलगाय

मिटला नाही, कपडे बदलून आला. टेक्स्ट.कन्टेन्सला नल दिलं तर नल परत मिळतं, आणि गाळणीला तिथे हो किंवा नाही लागतं, म्हणून एरर. निदान एरर तरी येते, तेवढं पॉवर क्वेरीचं कौतुक. इंग्रजी लहान-मोठी अक्षरं तिथे वेगळी धरली जातात. सेलमधली किंमत मूळ क्वेरीला जोडायला गेलात की फॉर्म्युला फायरवॉल (दोन ठिकाणचा डेटा मिसळू न देणारी अडवणूक) आडवा येतो, तो वेगळाच.

नवीन शीट असेल तर मीही पॉवर क्वेरीच घेईन. पण सेल बदलली की लगेच रिफ्रेश, हे जुन्या पद्धतीत एका खुणेवर होतं. तिथे त्यासाठी मॅक्रो लिहावा लागतो.

---

रकानेवाला

लहान-मोठ्याचं निघालंच आहे तर: ओरॅकल आणि पोस्टग्रेमध्ये लाइकही तो भेद करतं. रकाना आणि ? दोन्हींना अप्पर लावा, पोस्टग्रेला आयलाइकही आहे. एसक्यूएल सर्व्हरला ते कोलेशनवर (अक्षरं ताडायच्या नियमांच्या सेटिंगवर) अवलंबून.

तारखांना लाइक लावू नका. "२०२४%" चालल्यासारखं वाटतं, दुसऱ्या मशीनवर तारखेची मांडणी बदलली की बंद. >= आणि < असे दोन पॅरामीटर घ्या.

कोडातले पुढचे शून्य पण बघा. बी२ मध्ये 007 टाइप केलं की एक्सेल 7 करतो. ती सेल आधी टेक्स्ट करा.

---

जुनीवही

एक माझ्याकडून राहिलं. मी वर दोन्ही बाजूंना % दिलं होतं, ते टेबल मोठं असेल तर महागात पडतं. "बेअ%" असेल तर डेटाबेस इंडेक्सवरून थेट त्या जागी जाऊ शकतो, शब्दकोशात पान उघडावं तसं. "%अरिंग" असेल तर पहिल्या पानापासून वाचत जाण्याशिवाय इलाज नाही. त्यात सेल बदलली की आपोआप रिफ्रेश चालू ठेवलं तर बी२ मध्ये प्रत्येक एंटरला अख्खं टेबल वाचलं जातं. म्हणून बाय डिफॉल्ट % फक्त शेवटी द्या. मधलं शोधायचं असेल तो स्वतः पुढे * टाकेल.

कोअलेसमुळेही इंडेक्सचा फायदा जातो, तेव्हा ज्या रकान्यात नल असूच शकत नाही तिथे ते काढून टाका.

---

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. शेवटी जे ठेवलं ते असं (आमचा एसक्यूएल सर्व्हर आहे):

बी२: लोकांनी टाइप करायचं, फॉरमॅट टेक्स्ट.
बी३: =सब्स्टिट्यूट(बी२,"[","[[]")
बी४: =सब्स्टिट्यूट(सब्स्टिट्यूट(बी३,"%","[%]"),"_","[_]")
बी५: =सब्स्टिट्यूट(सब्स्टिट्यूट(बी४,"*","%"),"?","_")&"%"

पॅरामीटर बी५ ला. नावाच्या रकान्यात नल नाहीत म्हणून तिथे साधं लाइक ?, विभागाला कोअलेस. के_१० टाकलं की आता एकच ओळ येते.

काल शीट सगळ्यांना दिली आणि तासाभरात पहिली तक्रार: "बी२ रिकामी आहे तरी काहीच येत नाही." जाऊन बघितलं तर खरंच रिकामी दिसत होती. जुना शब्द डिलीटने न पुसता त्यावर स्पेसबार दाबला होता. बी५ मध्ये " %" जात होतं, म्हणजे स्पेसने सुरू होणारी नावं. बी३ मध्ये बी२ भोवती ट्रिम घातला.

---

टिंबटिंब

वेबपेजवरून कॉपी करून कोड टाकणारे भेटले की ट्रिमही पुरणार नाही. तिथून येणारा स्पेस १६० नंबरचा असतो, ट्रिम फक्त ३२ नंबरचा काढतो. बी३ मध्ये ट्रिमच्या आत आणखी एक सब्स्टिट्यूट घालून कॅर(१६०) चा साधा स्पेस करून ठेवा.

---

अर्धविराम

घातला. आज सकाळपासून फोन नाही.